रस्त्याकडे कूस करून उभी घरं

गेल्या अंकात जुन्या वस्त्यांच्या जतनाबद्दल लिहिताना अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्यातल्या चार्ल्स्टन शहराचा ओझरता उल्लेख केला होता. शिक्षणाच्या आणि पुढे कामाच्या निमित्ताने मी तिथे बराच काळ राहिले आहे. त्या शहराच्या पाण्याकाठच्या जुन्या वस्तीबद्दल आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेते आहे.

ताई, आमची मुलगी नोकरीनिमित्त चार्ल्स्टनला असते. आम्ही उभयता तिच्याकडे राहून आलो. बॅटरी नावाच्या धक्क्याजवळच्या जुन्या गल्ल्यांतून रोज सकाळी फिरायचो. घरं देखणी, पण सगळी आडवी! रस्त्यावरचा दरवाजा उघडा दिसला म्हणून आत डोकावलं, तर आत घर नाही, नुसता व्हरांडा. गाइड म्हणाला, रस्त्याकडच्या रुंदीवर कर असायचा, म्हणून लोकांनी घरं फिरवून बांधली. हे खरं का?

काका, कराची गोष्ट तिथला प्रत्येक घोडागाडीवाला सांगतो आणि ऐकायला ती गोडही वाटते. पण असा कर असल्याचा कागदोपत्री आधार नाही. घर फिरवलं ते वाऱ्यासाठी.

वस्ती कुठे आहे ते आधी डोळ्यांसमोर आणा. एका बाजूने ॲश्ली नदी, दुसऱ्या बाजूने कूपर, आणि दोन्ही जिथे बंदराच्या खाडीत उतरतात तिथे जमिनीची ही निमुळती जीभ. शहराची स्थापना १६७० ची. ॲश्लीच्या पलीकडच्या तीरावरून ते १६८० मध्ये इथे हललं. जागा मोक्याची, पण थोडी. त्यामुळे प्लॉट रस्त्याकडे अरुंद आणि आत खोलवर गेलेले. त्यात दमट उन्हाळा असा, की अंगावरचा घाम वाळतच नाही. या दोन्हींवर तिथल्या लोकांनी काढलेला तोडगा म्हणजे तुम्ही पाहिलेलं ‘सिंगल हाऊस’.

या घराची रुंदी एकाच खोलीची. प्रत्येक मजल्यावर पुढे एक खोली, मागे एक, मधे जिना. रस्त्याला दिसते ती घराची अरुंद बाजू, आपण कूस म्हणू. लांब बाजूला, शक्यतो दक्षिणेला किंवा पश्चिमेला, वरपासून खालपर्यंत मजल्यामजल्यावर व्हरांडे. त्यांना तिथे ‘पियाझा’ म्हणतात. प्रत्येक खोलीला समोरासमोर खिडक्या मिळतात, पियाझावरून आलेला वारा खोलीतून आरपार जातो. उन्हाळ्यात डोक्यावर आलेला सूर्य पियाझाच्या छपराआड राहतो, थंडीत तो खाली उतरतो तेव्हा ऊन थेट खोलीत येतं. पंखा नसलेल्या काळात याहून शहाणं घर बांधणं अवघड होतं.

आता तो दरवाजा. तो घराचा नाही, पियाझाचा आहे. खरा मुख्य दरवाजा पियाझाच्या मध्यावर, जिन्यासमोर असतो. रस्त्यावरचं दार उघडं म्हणजे घरातली माणसं भेटायला मोकळी, बंद म्हणजे आत्ता नको, असा पूर्वीचा रिवाज. उत्तरेच्या भिंतीला खिडक्या कमी आणि लहान असतात तेही पाहिलं असेल. त्या भिंतीपलीकडे शेजाऱ्याचा पियाझा असतो, आणि शेजारी तिथे सैल कपड्यांत बसलेला असतो. त्याच्याकडे बघायचं नाही, म्हणून घराने आपले डोळे तिकडून मिटून घेतलेले.

म्हणून मी सगळ्यांना सांगते, या वस्तीतलं घर समोरून बघून पुढे जाऊ नका. बाजूने बघा. आणि जमेल तिथे मागून तर बघाच, त्याबद्दल पुढे लिहिते.

त्याच घरांच्या विटांच्या भिंतींवर लोखंडी चकत्या दिसल्या, कुठे फुलीच्या आकाराच्या, कुठे तर सिंहाचं तोंड. ती शोभा आहे का?

शोभा वरून आहे, आत काम आहे. ३१ ऑगस्ट १८८६ च्या रात्री दहाच्या सुमारास चार्ल्स्टनला मोठा भूकंप झाला. त्याची तीव्रता सातच्या आसपास धरतात. साठेक माणसं गेली आणि विटांचं क्वचितच एखादं घर धड राहिलं. बाहेर झुकलेल्या भिंती ओढून धरण्यासाठी घराच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, तक्तपोशीच्या खालून, लोखंडी सळ्या घातल्या. सळीच्या टोकाला आटे, बाहेर चकती, वर नट. नट आवळला की दोन्ही भिंती आत खेचल्या जातात. चकती दिसायला ओबडधोबड, म्हणून ऐपत असलेल्यांनी तिच्यावर ओतीव फुलं आणि सिंह बसवले. काही घरांत अशा सळ्या भूकंपाआधीही होत्या. पुढच्या भूकंपात त्या कितपत उपयोगी पडतील याबद्दल इंजिनिअरांमध्ये एकमत नाही. मला स्वतःला त्यांच्यावर एकट्यांवर भिस्त ठेवणं पटत नाही. भिंती मजल्यांना आणि छपराला नीट बांधून घेतलेल्या असाव्यात, सळी ही जादा.

रेनबो रोची घरं रंगीबेरंगी का? दारू प्यालेल्या खलाशांना आपलं घर ओळखता यावं म्हणून, असं वाचलं.

नाही हो. ईस्ट बे स्ट्रीटवरची ही तेरा घरं अठराव्या शतकातल्या व्यापाऱ्यांची. खाली दुकान, वर बिऱ्हाड, समोर धक्का. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती पार मोडकळीला आली होती. १९३१ च्या सुमारास डोरोथी पोर्चर लेग या बाईंनी त्यातली काही घेतली आणि फिक्या गुलाबी रंगात रंगवली. शेजाऱ्यांनी त्यांचं पाहून आपापले रंग निवडले. म्हणजे हा ‘प्राचीन’ रंगसोहळा शंभर वर्षांचाही नाही.

तिथे स्वतःच्या घराची खिडकी बदलायलाही परवानगी लागते म्हणे. एवढी शिस्त लोक ऐकतात कशी? सुरुवात कोणी केली?

सुरुवात गरिबीने केली. यादवी युद्धानंतर शहराची रया गेली. पाडून नवं बांधायला कोणाकडे पैसा नव्हता, म्हणून जुनं उभं राहिलं. पैसा परत येऊ लागला तेव्हा खरा धोका सुरू झाला. मोटारी आल्या, पेट्रोलपंपांना कोपऱ्यावरच्या जागा हव्या झाल्या. श्रीमंत गिऱ्हाइकं आणि वस्तुसंग्रहालयं जुन्या घरांतली भिंतींवरची लाकडी आच्छादनं, शेकोटीभोवतीची कोरीव कामं, लोखंडी कठडे विकत घेऊन आपापल्या गावी नेऊ लागली. घर जागेवर, पण आतून सोललेलं.

१९२० मध्ये जोसेफ मॅनिगो हाऊस पाडायची वेळ आली. १८०३ च्या सुमारास बांधलेलं ते घर. सुझन प्रिंगल फ्रॉस्ट नावाच्या बाई पुढे झाल्या. स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या, आणि त्या काळात घरखरेदी-विक्रीचा व्यवसाय करणाऱ्या. त्यांनी माणसं जमवली, जुन्या राहत्या घरांच्या रक्षणासाठी संस्था काढली. ‘राहत्या घरांच्या’ हे महत्त्वाचं. तोवर जतन म्हणजे कोणा थोर पुरुषाचा जन्म झालेली एखादी इमारत. इथे गल्लीच्या गल्ली वाचवायचा विचार होता. त्या स्वतः कर्ज काढून घरं घेत, दुरुस्त करीत आणि ती नीट ठेवील अशाला विकत. त्यात त्या सतत कर्जबाजारी राहिल्या.

१९३१ मध्ये शहराने कायदा केला, जुन्या वस्तीची हद्द आखली आणि बांधकामावर नजर ठेवणारं मंडळ नेमलं. अख्ख्या वस्तीला असं कायद्याचं संरक्षण देणारं अमेरिकेतलं हे पहिलं शहर. आजही त्या हद्दीत पाडायचं, बांधायचं, खिडकी किंवा छप्पर बदलायचं तर मंडळापुढे जावं लागतं.

लोक ऐकतात कारण शेजाऱ्यालाही तोच नियम आहे, आणि त्या नियमामुळेच दोघांच्याही घराची किंमत टिकून आहे. पण या कायद्याची नजर पोचते ती सार्वजनिक रस्त्यावरून जेवढं दिसतं तेवढ्यावरच. आतला दोनशे वर्षांचा जिना कोणी उखडला तर मंडळ काही करू शकत नाही. ती उणीव खाजगी कराराने भरून काढतात. मालक एखाद्या जतनसंस्थेशी कायमचा करार करतो, तो घराच्या कागदपत्रांना चिकटतो आणि घर कितीदाही विकलं गेलं तरी नव्या मालकाला बांधतो. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या हिस्टॉरिक चार्ल्स्टन फाउंडेशनकडे असे शेकडो करार आहेत.

याच फाउंडेशनने पन्नासच्या दशकाच्या शेवटी एक फिरता निधी उभारला. पडकी घरं घ्यायची, डागडुजी करायची, अटी घालून विकायची, आलेल्या पैशांतून पुढची घ्यायची. ॲन्सनबरो भागातली साठाहून अधिक घरं अशी उभी राहिली. योजना म्हणून ती फार हुशार होती. पण त्या घरांत तेव्हा भाड्याने राहत होती ती बरीचशी गरीब कृष्णवर्णीय कुटुंबं. घरं वाचली आणि ती माणसं तिथून गेली. विद्यार्थ्यांना ही योजना शिकवताना पहिलं वाक्य सांगून दुसरं गाळणारे लोक मला भेटतात, तेव्हा मला राग येतो.

तुम्ही गेल्या वेळी लिहिलं होतं की त्या घरांची ‘मागची बाजू’ बघितली पाहिजे. मागे काय आहे?

मागे ती माणसं राहत होती ज्यांनी हे शहर बांधलं आणि चालवलं.

मागे अंगण आणि त्याच्या कडेने विटांची एक किंवा दोन मजली लांबट इमारत. खाली स्वयंपाकघर आणि धुणीघर, वर छोट्या खोल्या. त्या खोल्यांत गुलाम म्हणून विकत घेतलेली माणसं राहायची. पलीकडे तबेला, कोपऱ्यात संडास आणि भोवती उंच भिंत. समोरच्या पियाझावर येणारा वारा मागे पोचेलच असं नाही. खालची चूल मात्र ऐन उन्हाळ्यातही पेटलेली, आणि तिची धग वरच्या खोल्यांना.

हे बघायचं असेल तर एलिझाबेथ स्ट्रीटवरच्या एकेन-रेट हाऊसमध्ये जा. १८२० च्या सुमाराचं घर, पुढे राज्याचे गव्हर्नर झालेल्या विल्यम एकेन यांचं. फाउंडेशनने ते १९९५ मध्ये घेतलं आणि रंगरंगोटी न करता, जसं मिळालं तसं राखायचं ठरवलं. पोपडे तसेच, भिंतीवरचा फाटका कागद तसाच. पाणी आत येऊ द्यायचं नाही, पडू द्यायचं नाही, बाकी हात लावायचा नाही. आणि मागचं अंगण जवळजवळ संपूर्ण शाबूत आहे. दिवाणखान्यातून निघून मागच्या जिन्याने अंगणात उतरा, तिथून त्या वरच्या खोल्यांत चढा. ही काही पावलांची चाल कुठल्याही माहितीफलकापेक्षा जास्त सांगते. इतर बहुतेक ठिकाणी या मागच्या इमारतींची आता पाहुण्यांची खोली किंवा गाडीची जागा झाली आहे आणि त्यांना ‘कॅरेज हाऊस’ असं सुटसुटीत नाव मिळालं आहे.

आणखी एक सांगते. जुन्या भिंतीपाशी, तिरप्या उन्हात, वीट जवळून बघत चला. कूपर आणि वँडो नद्यांच्या काठच्या मळ्यांवर या विटा पाडल्या जायच्या. ओल्या विटा साच्यातून काढणं, उचलून वाळत ठेवणं, उलटणं या कामांना गुलाम मुलंही जुंपलेली असायची. विटेत कधी कधी बोटांचे ठसे सापडतात. उथळ, एकाशेजारी एक तीन-चार खळगे. मी माझी बोटं त्यांवर ठेवून पाहिली आहेत. खळगे माझ्या बोटांना पुरत नाहीत, इतकी ती बोटं लहान होती. अशी वीट फुटली म्हणून बदलायची वेळ येते तेव्हा ती फेकली जाऊ नये यासाठी मी कंत्राटदाराशी भांडले आहे आणि पुन्हा भांडेन.

कारागिरीही तिथूनच आली. सुतार, गवंडी, लोहार यांतले कितीतरी गुलाम आणि पुढे त्यांचे वंशज. शहरभर दिसणाऱ्या लोखंडी फाटकांपैकी अनेक फिलिप सिमन्स या कृष्णवर्णीय लोहाराच्या हातची आहेत. १९१२ ते २००९ हा त्यांचा काळ, आणि १९८२ मध्ये त्यांना लोककारागिरीचा राष्ट्रीय सन्मान मिळाला. कूपर नदीवरच्या गॅड्सडेन्स व्हार्फ या धक्क्यावर आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांची जहाजं रिकामी होत. तिथे २०२३ मध्ये आफ्रिकन-अमेरिकन इतिहासाचं संग्रहालय उघडलं. पुढच्या खेपेला मुलीला म्हणा, आधी तिथे ने, मग बॅटरीवर.

आम्ही होतो तेव्हा पाऊस नसतानाही रस्त्यात पाणी आलं होतं. अशा ठिकाणी ही घरं किती दिवस टिकणार?

भरतीचं पाणी ते. गटारांतून उलटं वर येतं. गेल्या शंभर वर्षांत तिथे समुद्राची पातळी सुमारे एक फुटाने वाढली आहे, आणि ती निमुळती जीभ मुळात समुद्रसपाटीपासून काही फूटच वर. शिवाय तिचा बराच भाग खाड्या आणि दलदल बुजवून मिळवलेला. आजचा वॉटर स्ट्रीट म्हणजे बुजवलेली व्हॅनडरहॉर्स्ट खाडी. जुना नकाशा आणि आजच्या पुराचा नकाशा एकावर एक ठेवले तर पाणी बरोबर आपल्या जुन्या वाटांनी येताना दिसतं.

वादळांचा अनुभव शहराला आहे. सप्टेंबर १९८९ मध्ये ह्यूगो चक्रीवादळ शेजारच्या बेटावर धडकलं आणि शहरातली छपरं उडाली. तेव्हा एक वेगळीच अडचण समोर आली. जुन्या पद्धतीचा गिलावा, स्लेटचं छप्पर, लाकडी सांधकाम येणारे कारागीरच पुरेसे उरले नव्हते. त्या अनुभवातूनच तिथे पुढे इमारतकलेचं कॉलेज सुरू झालं, जिथे मुलं दगडकाम, लोहारकाम, सुतारकाम शिकून पदवी घेतात. २०१७ मध्ये इर्मा वादळात पाणी बॅटरीची भिंत ओलांडून घरांत शिरलं. ती भिंत आता दुरुस्त करून वाढवली आहे. पण भिंत म्हणजे काही सगळं उत्तर नव्हे, पाणी खालून येतंच.

म्हणून आता घरंच उचलतात. खाली पोलादी तुळया सारायच्या, जॅक लावायचे, विटांचं घर इंचाइंचाने वर घ्यायचं आणि खाली नवा पाया. मंडळ आधी याला नाखूश होतं, २०१९ मध्ये त्याने कसं उचलावं याचे नियमच केले. माझं मत विचाराल तर उचलावं, पण गल्लीचा विचार करून. एकच घर एकदम आठ-दहा फूट वर गेलं की त्याचा पियाझाचा दरवाजा रस्त्यावरच्या माणसाच्या डोक्यावर जातो, समोर जिन्यांचा डोंगर होतो आणि दारातून ‘काय, कसं काय’ विचारणं संपतं. त्यापेक्षा गल्लीने मिळून बेताची उंची ठरवावी. तळमजल्यावर पाणी येणार असं धरून तिथलं विजेचं सामान वर न्यावं आणि आलेलं पाणी निघून जाईल अशी वाट ठेवावी. काही घरं जातील, हेही मला दिसतं. तोवर त्यांची मोजमापं, चित्रं, आतल्या आणि मागच्या खोल्यांसकट, नोंदवून ठेवायला हवीत.

मुलगी-जावई तिथेच एक जुनं घर घ्यायचं म्हणतात. काय बघावं?

घ्या म्हणा, पण रंग बघून नको. जाताना खिशात एक किल्ली असू द्या. विटांमधल्या दर्जा, म्हणजे सांधे, किल्लीने हळूच खरवडा. भुरभुरीत पांढरट चुना निघाला आणि त्यात शिंपल्यांचे कण चमकले तर उत्तम, तो कालवांचे शिंपले भाजून केलेला जुना चुना आहे. किल्ली घसरली, राखाडी ओरखडाही उठला नाही, तर कोणीतरी सिमेंट भरलं आहे. जुनी वीट मऊ असते, जमिनीतली खारी ओल ती शोषते आणि चुन्याच्या दर्जांतून बाहेर सोडते. सिमेंटने ती वाट बंद होते, मीठ विटेतच साठतं आणि विटेचा चेहरा सोलून निघतो. भिंतीच्या खालच्या तीन-चार फुटांत अशा सोललेल्या विटा दिसल्या, तर दुरुस्तीचा खर्च आधी काढा.

मग तक्तपोशीखाली टॉर्च घेऊन माणूस पाठवा. फॉर्मोसन जातीची वाळवी त्या बंदरात कधीच येऊन ठाण मांडून बसली आहे आणि ती लाकूड फार वेगाने खाते. घराला जतनाचा करार चिकटलेला आहे का, असेल तर आतलं काय बदलता येतं आणि काय नाही, ते वकिलाकडून वाचून घ्या. पूरविम्याचा हप्ता आधी विचारा, आणि जमिनीची व खालच्या मजल्याची उंची दाखवणारा दाखला मागा. वर एखादी खोली पर्यटकांना देऊन कर्ज फेडू असा बेत असेल तर तिथले २०१८ चे नियम कडक आहेत, मालकाने स्वतः त्या घरात राहावं लागतं. मला तो नियम पटतो, नाहीतर वस्तीत रात्री दिवे लावायला माणूस उरणार नाही.

शेवटचं, मोठ्या भरतीच्या दिवशी भरतीच्या वेळेला घर बघायला जा. वेळापत्रक आधी मिळतं. दलाल दुसरी वेळ सुचवेल, तरी त्याच वेळेला जा. आणि मागची इमारत असेल तर तिचे फोटो मला जरूर पाठवा, तिथल्या विटांचे जवळून काढलेले.